अंगावरचं दूध

७ जून

ताई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि जिन्यात उभं राहून मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. आमच्या घरातलं शेजाऱ्यांना आहे तेवढं ठाऊक पुरे.

सोमवारपासून कामावर जायला लागले. भोपळीला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवते. एकट्याच असतात. तोंड फटकळ, पण हात स्वच्छ आणि मुलांची माया आहे. मी दारात घुटमळत होते तर म्हणाल्या, "निघ आता! पोरगी काय मला खाणार आहे?" ह्यांचा टँकर अजून रस्त्यावरच आहे, परत कधी ते त्यांनाही माहीत नसतं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे गाड्यांच्या बॅटऱ्या होतात. माझं टेबल जोडणीचं. शिशाची एक पट्टी, त्यावर कागदासारखा पडदा, परत पट्टी, परत पडदा, अशी थप्पी लावायची, कडा ठोकून सारख्या करायच्या आणि पुढे सरकवायचं. ठोकलं की राखाडी पीठ उडतं. तोंडाला फडकं बांधायला देतात, पण सुटी होईपर्यंत आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्या दिसायला लागतो. चार महिने घरी होते तरी हात काही विसरला नव्हता.

पण छाती कुठे ऐकते? पहिल्याच दिवशी सकाळच्या चहाआधी पान्हा फुटला. अॅप्रनवर दोन ओले गोल, आणि त्यावर पीठ बसून चिखल. मुकादम म्हणाला, "बाई, पाणी सांडलं का?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी संडासात गेले आणि सगळं मोरीत पिळून टाकलं. ताई, पोरगी तिकडे भुकेली आणि तिचं जेवण माझ्या डोळ्यांदेखत मोरीच्या जाळीतून खाली जातंय. तशीच भिंतीला टेकून रडले.

काल येताना पावडरच्या दुधाचा डबा आणला. अजून उघडला नाही. तू काय म्हणतेस?

तुझी चिमी


१५ जून

चिमे,

शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत, त्या ढिगाऱ्यात बसून तुझं पत्र वाचलं. दोन वेळा वाचलं आणि सुई मोडली.

तो डबा उघडू नकोस. मी जास्त लिहीत नाही, तुला सगळं ठाऊक आहे. मला दूध उतरलं नाही, म्हणून बाटली आली. बाटलीबरोबर पाणी आलं, आणि त्या पाण्यानं माझं बाळ नेलं. तू तेव्हा शाळेत जात होतीस, पण शेवटी तो तुझ्याच मांडीवर होता. माझ्याकडे नव्हतं ते तुझ्याकडे उतू जातंय आणि तू ते मोरीत घालतेस?

मुकादमाकडे वेळ माग, जागा माग. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, मग तो तर मुकादम. हसणाऱ्यांना हसू दे, त्यांचे दात दिसतील, तुझं काय जातंय? दूध काढ, झाकून ठेव, घरी ने. आणि दारातून आत आलीस की हातातलं सगळं टाकून आधी तिला अंगावर घे. कपडे, अंघोळ, केर, भांडी, सगळं मागाहून. दिवसभर ती तुझी वाट बघते. तिला तुझा वास हवा, साबणाचा नको.

स्वतः पोटभर जेव. उरलंसुरलं खाणारी आई पोराला पण उरलंसुरलंच पाजते.

तुझी ताई


१० जुलै

ताई,

मागितली, आणि मिळाली!

जेवणाच्या सुटीत मुकादमाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला दिवसातून दोनदा पाव पाव तास पाहिजे आणि कडी असलेली एक खोली पाहिजे."

"खोली? बाई, इथे मला खुर्ची मिळायला दोन वर्षं गेली."

"मग मी इथेच टेबलावर बसते. तुम्ही तिकडे तोंड करा."

त्याचे कान असे लाल झाले म्हणून सांगू! तासाभरात स्वतः येऊन किल्ली देऊन गेला. चक्कीच्या शेजारची जुनी वजनाची खोली. चक्की म्हणजे जिथे शिसं दळून त्याचं पीठ करतात ती. दिवसभर घुमत असते आणि भिंतीला हात लावला तर दात वाजतात. पण कडी आहे, ताई, आणि बसायला स्टूल आहे. रोज स्टुलावर पिठाचा थर असतो, तो मी अॅप्रननं झटकते आणि बसते. वाटीत काढते, मग बाटलीत ओतते. बाटली कँटीनच्या फ्रिजमध्ये. कँटीनवाल्यानं सगळ्यांना दम दिला आहे, "त्या बाटलीला जो हात लावेल त्याचा चहा बंद." कुणाची छाती नाही झाली.

माझ्या समोर एक नवी मुलगी बसते, सारखी हसत असते म्हणून तिला सगळे हसरीच म्हणतात. तिला चौथा महिना चालू आहे. म्हणते, "तुझ्यानंतर ती खोली माझ्या नावावर कर हं."

घरी येते ती थेट काकूंच्या दारात. तू सांगितलंस तसंच, जिथे असेन तिथे बसते आणि भोपळीला घेते. इतकी वखवखलेली असते की आधी माझी मानच चोखते, मग गळपट्टा, मग बोटं, आणि मग तिला आठवतं की दूध कुठे असतं! काकू म्हणतात, "अगं, तोंड तरी धू." मी म्हणते, माझ्या ताईचा हुकूम आहे.

पावडरचा डबा न उघडताच दुकानात परत केला.

तुझी चिमी


३० जुलै

चिमे,

इथे मी ज्या ज्या बाईचं माप घेते तिला सांगते, की माझ्या बहिणीनं कारखाना वाकवला. एकीनं तर विचारलं, पुढारी आहे का? म्हटलं, नाही, आई आहे.

उरलेल्या मऊ कापडाची झबली पाठवते आहे. थोडी मोठीच शिवलीत, भोपळी ती भोपळीच राहणार. ती आता बसते का, वजन किती भरलं, पुढच्या पत्रात नीट लिही. तू स्वतःचीच मर्दुमकी लिहितेस आणि माझ्या भाचीबद्दल एकच ओळ.

तुझी ताई


१२ सप्टेंबर

ताई,

झबली पोचली. सैल होतात.

उत्तराला उशीर झाला कारण काय लिहावं कळत नव्हतं. भोपळी नीट नाही. बसायला लागली होती, उशीला न टेकता, खुळखुळा हातात घेऊन. आता बसवली की कलंडते. सारखी किरकिर करते. पोट दगडासारखं होतं, चार चार दिवस साफ होत नाही, आणि पाय पोटाशी घेऊन कळवळते. रंग उतरला आहे. दवाखान्यात नेलं तर रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं औषध दिलं. काकू म्हणतात दात येत असतील.

मला वाटतं तिला माझा राग आला आहे. हसू नकोस. दिवसभर जी दिसत नाही तिला आई का म्हणायचं, असं ती बघते माझ्याकडे. म्हणून मी घरी असले की तिला खाली ठेवतच नाही. रात्रभर छातीशी. चार वेळा प्यायची ती आठ वेळा पाजते.

मलाही पोटात पीळ पडतो आणि तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव असते. जागरण. दुसरं काय?

चिमी


२० सप्टेंबर

चिमे,

दात येताना मुलं अशीच होतात, पण पोट दगडासारखं होतं हे मला बरं दिसत नाही. दिवसभर पोर कुणाच्या हातात असते? काकूंच्या. तू बाटलीत देतेस तेच दूध तिच्या पोटात जातं हे तू पाहिलंस का? म्हाताऱ्या बाया कंटाळतात. पाणी घालतात, गुंगीचं काहीतरी चाटवतात, पोर निजली की यांची पण दुपार निवांत. माझं ऐक, डोळ्यांत तेल घालून बघ. नाहीतर तिथून काढ तिला.

पाजणं कमी करू नकोस. या दिवसांत तेच तिचं औषध. भावोजींना म्हणावं, टँकर दुसरा कुणी चालवेल, घरी या.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

भोपळीला काकूंकडून काढलं. तू म्हणालीस म्हणून नाही, मलाही संशय येत होता. जिन्यात चार माणसांसमोर बोलले त्यांना. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं.

आणि अंगावरचं दूध तोडलं. का ते विचारू नकोस. भोपळी बरी आहे.

चिमी


२२ ऑक्टोबर

चिमे,

का ते विचारू नकोस म्हणजे? मी कोण परकी आहे?

पोर आजारी असताना तिच्या तोंडचं काढून घ्यायला तुझा हात कसा झाला? दमलीस असशील. दमायचं असतं. आई झालीस ना? मुकादमाशी भांडलीस तेव्हा मला वाटलं, ही माझ्यावर गेली. आता वाटतं, नवलाईचे नऊ दिवस होते. देवानं एकीला दिलं नाही ती जन्मभर तळमळते, आणि दुसरीला दिलं तर ती म्हणते, विचारू नकोस.

बाटलीचं पाणी तरी उकळतेस का, की तेही विचारू नको?

ताई


२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र हे दवाखान्यात घेऊन आले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. तुझ्यावर राग नाही. मीच खोटं लिहिलं होतं. भोपळी बरी नव्हती. ते पत्र मी याच बाकावर बसून लिहिलं.

काकूंकडून काढलं त्याच्या चौथ्या दिवशी तिला झटका आला. मी रजा घेऊन घरीच होते. मांडीवर पीत होती, पिता पिता थांबली, डोळे वर गेले आणि अंग लाकडासारखं झालं. मी ओरडले ते खालून काकूच धावत आल्या. ज्यांना मी चार दिवसांपूर्वी चोर ठरवलं होतं, त्या अनवाणी रिक्षात बसल्या आणि सगळी वाट पोरीची मान धरून होत्या.

इथली मोठी डॉक्टरीणबाई. थकलेल्या चेहऱ्याची, गोड बोलत नाही. पोरीला बघितलं, हिरड्या बघितल्या, मग मला विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"बॅटरीच्या कारखान्यात आहे."

तिनं लिहायचं थांबवलं. "घरी जाताना कपडे बदलता?"

"नाही. ती भुकेली असते. थेट तिच्याकडेच जाते."

"पाजायच्या आधी अंघोळ?"

"ती झोपल्यावर करते."

तिनं कापसाचा बोळा ओला केला आणि माझ्या मानेवरून, कानामागून फिरवला. मग मला दाखवला. राखाडी झाला होता. ताई, मी चार दिवस कामावर गेले नव्हते. रोजची कामावरची ओढणी गळ्याभोवती होती, तेवढीच.

आमच्या दोघींचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर यायला आठवडा गेला, पण तिनं त्याची वाट पाहिली नाही, त्याच दिवशी दूध बंद करायला लावलं. शिसं आहे पोरीच्या अंगात. थोडं माझ्या रक्तातून दुधात उतरलेलं. त्याहून जास्त धुळीतलं. माझ्या मानेवरचं, बोटांवरचं, गळपट्ट्यावरचं, ती चोखत होती ते. आणि ती वाटी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दूध कुठे काढत होता? मी सांगितलं, चक्कीच्या शेजारच्या खोलीत. त्यांनी डोळे मिटले. ज्या खोलीसाठी मी भांडले, ती खोली, ताई.

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडणं नंतर. आधी हे कपडे काढा आणि डोक्यावरून अंघोळ करा. मगच तिला हात लावा."

तिला इंजेक्शनं चालू आहेत. मांडी सुजली आहे टोचून टोचून. मी गेले की माझ्या छातीकडे तोंड वळवते, कपड्यांवरून शोधते, आणि मी तिला वाटी-चमचा लावते. ती थुंकते आणि परत शोधते. दूध कसं थांबतं ते कुणी सांगत नाही. ते थांबत नाही. पोरगी रडली की येतं, दुसऱ्याचं पोर रडलं तरी येतं, आणि इथे तर चोवीस तास पोरं रडतात. छातीला घट्ट फडकं बांधून बसते. आत ठणकतं. पहिल्या दिवशी मोरीत पिळलं तेव्हा रडले होते. आता पिळून टाकते आणि वर दोन तांबे पाणी ओतते, कुणा मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून.

हे आल्याबरोबर घरी गेले. माझे कामाचे सगळे कपडे पिशवीत बांधून लांब नेऊन टाकले आणि गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं सगळी खोली पुसली. भिंती, पलंगाचे पाय, दाराची कडी.  मला रागावले असते तर बरं झालं असतं.

काकूंचे पाय धरायला गेले. म्हणाल्या, "ऊठ. पोरगी आधी."

चिमी


१० नोव्हेंबर

चिमे,

माझं मागचं पत्र फाडून टाक. जाळ. ते घरात ठेवू नकोस.

मला पाठ आहे मी काय काय लिहिलं होतं. कपडे मागाहून, अंघोळ मागाहून. ती वखवखून तुझी मान चोखते हे तू कौतुकानं लिहिलंस आणि मी ते शेजारणीला वाचून दाखवलं. पाजणं कमी करू नकोस म्हणाले. भांड म्हणाले. आणि तुझी काकू म्हणत होती, तोंड तरी धू.

एकच विचारते, आणि मला सांभाळून घेऊ नकोस. मी तसं लिहिलं नसतं तर तू कपडे बदलले असतेस का?

शिलाईची कामं दुसरीकडे दिली. तू ये म्हणशील त्या दिवशी निघते.

ताई


१ डिसेंबर

ताई,

विचारलंस म्हणून सांगते. कदाचित बदलले असते. पहिल्या आठवड्यात बदलत होते, आधी हातपाय धुवायचे आणि मग तिला घ्यायचे. तू लिहिलंस आणि मला सुटल्यासारखं झालं, कारण मला तेच करायचं होतं. पण शिसं तुझ्या पत्रातून आलं नाही. ते जिथून आलं तिथे वर्षानुवर्षं माणसं आहेत आणि एकानंही आम्हाला कधी सांगितलं नाही, की घरी जाताना अंग धुवून जा. बायकांना नळ एक, तोही पिण्याच्या पाण्याचा. एवढं तू माझ्याबरोबर वाटून घे. अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे, असं मात्र मोजत बसू नकोस. मी मोजून बघितलं, हिशेब लागत नाही.

भोपळी घरी आली. झटके थांबलेत. रक्तातलं उतरलं आहे, अजून परत भरती करावं लागेल. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, पहिल्यासारखी होईल ना? त्या म्हणाल्या, "बसेल. चालेल बहुतेक, उशिरा. बोलण्याचं आणि शिकण्याचं मी आज सांगणार नाही." मी म्हटलं, मग कधी सांगाल? म्हणाल्या, "तुम्हालाच कळत जाईल." हाक मारली तर कधी बघते, कधी बघत नाही. खुळखुळा हातात दिला तर धरते आणि मग हातात काहीतरी आहे हे विसरते. छातीकडे वळायची थांबली आहे. ज्या दिवशी थांबली त्या दिवशी मी सुटले म्हणायला हवं होतं.

मुकादम घरी येऊन गेला. साहेबांनी पाठवला होता. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. पोरीकडे बघणं टाळत होता. "कँटीनमध्ये काम देतो म्हणतात साहेब. बसून भाजी चिरायची. फक्त डॉक्टरांना सांगायचं, की मूल जन्मापासूनच अशक्त होतं."

"तिला घरात भोपळी म्हणतात," मी म्हटलं. "का म्हणतात ते जिन्यात कुणालाही विचारा."

तो खाली मान घालून गेला. वाईट माणूस नाही तो. त्याला खोकला आहे, जिन्यात दोनदा थांबला.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी मी फाटकावर जाऊन उभी राहिले. सगळ्याजणी येत होत्या. मी सांगितलं. माझ्या टेबलावरच्या, पलीकडच्या, सगळ्यांना, नीट, न रडता. पोरीच्या रक्तात काय निघालं, माझ्या रक्तात काय निघालं. कपडे इथेच ठेवा, डोकं धुवा, मुलांची तपासणी करा. ऐकलं सगळ्यांनी. एकीनं माझा हात धरला. एकीनं विचारलं, "आणि काम सोडून खायचं काय?"  मग भोंगा झाला आणि त्या आत गेल्या. हसरीसुद्धा गेली, पोट पुढे घेऊन, मागे वळून बघत बघत.

तुझं पत्र आलं तेव्हाच तुला ये म्हणून लिहिणार होते, मग राहून गेलं. आता ये. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा धीर नाही.

हसरी काल आली होती. सुटीचा दिवस होता. दाराबाहेर चपला काढल्या, काकूंच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, केस ओले करून आली. म्हणाली, "धरू का हिला?" मी भोपळीला तिच्या मांडीवर दिलं. बराच वेळ ती तिच्या केसांवरून हात फिरवत होती. हसत नव्हती.

मी विचारलं, "काम सोडलंस का?"

"नाही. घरात कमावणारी मीच आहे." मग खाली बघत म्हणाली, "दिवस भरत आले माझे. तुझ्या डॉक्टरीणबाईंना एक विचारशील? मला लाज वाटते."

"काय विचारू?"

"दूध येऊच नये, अशी गोळी मिळते का म्हणावं."

मी विचारते म्हणाले. उद्या भोपळीला दाखवायला जायचं आहे, तेव्हा विचारीन.

तुझी चिमी